बाहेरच्या खोलीतल्या बाई

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. नाशिकरोडला आमचं तीन खोल्यांचं घर नुकतंच उभं राहिलं होतं. घरखर्चाला हातभार म्हणून बाहेरची खोली भाड्याने द्यायचं ठरलं आणि पहिल्याच आठवड्यात एक तरुण शिक्षिका विचारायला आल्या. माहेर वणीकडचं, नवऱ्याला सोडून आलेल्या. हे त्यांनी स्वतःच, बसायच्या आधी सांगून टाकलं.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "एकटी बाई. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," आई म्हणाली. "खोली आपली आहे, लोकांची नाही."

बाई राहायला आल्या. न्हाणीघर एकच, तेही मागच्या बाजूला. त्यामुळे त्यांना रोज आमच्या स्वयंपाकघरातून जावं लागे. सुरुवातीला त्या बादली घेऊन दाराशी ताटकळत उभ्या राहायच्या. मी तेव्हा सहावीत होते. आईने मला बजावलं, "त्या आल्या की बघत बसायचं नाही. आपण आपलं काम करायचं." हळूहळू त्या जाता जाता माझं गणित तपासू लागल्या, आणि आई त्यांना चहासाठी थांबवू लागली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी त्यांचा नवरा भावाला घेऊन आला. "माझी बायको न्यायला आलोय. तुमी मधे पडू नका."

आई दारात उभी राहिली. "त्या माझ्या भाडेकरू आहेत. यायचं की नाही ते त्या सांगतील." मग मान वळवून तिने विचारलं, "बाई, जायचंय का तुम्हाला?"

बाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. "नाही जायचं," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण गल्लीत ऐकू गेला.

नवऱ्याने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. तेवढ्यात आतून बाबा आले. दाढी अर्धीच झालेली, एका गालावर साबण. "हात सोडा," ते म्हणाले. तो सोडेना, तेव्हा बाबांनी स्वतः त्याची बोटं सोडवली आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. शेजारचे लोक बाहेर आले होते. बघून घेण्याची धमकी देत ते दोघे निघून गेले.

आई आत येऊन मटकन खाली बसली. पण दुसऱ्या दिवशी पायात चपला घालून ती बाईंच्या आधी तयार होती. शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. संध्याकाळी आणायलाही. असं तिने दोन महिने केलं. गल्लीत कुणी खोचक बोललं की ती थांबून विचारायची, "काय म्हणालात?" पुन्हा म्हणायला कुणी धजत नसे.

घटस्फोटासाठी कोर्टात पुढे चार वर्षं गेली. प्रत्येक तारखेला बाबा रजा टाकून बाईंबरोबर जात. निकाल बाजूने लागल्यावर बाईंनी दिंडोरीला बदली मागून घेतली. सामान टेम्पोत चढल्यावर त्या आईच्या पाया पडायला वाकल्या. आईने त्यांना वरच्या वर धरलं.

"पाया कशाला पडता?" ती म्हणाली. "पोचल्यावर पत्र टाका."

चौथ्या दिवशी पत्र आलं. मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं.