आधी घरात चालू दे

गावंडे सर कोणाच्याही संगणकाला हात लावायच्या आधी त्याचं इंटरनेट तोडत. वायर असली तर ती उपटत, मोबाईलवरून नेट घेतलेलं असलं तर ते बंद करून तो मोबाईलच स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकत. मग खुर्ची पुढे ओढून म्हणत, "हं. आता पाहू, आपल्या घरची चूल पेटते का नाही ते."

राळेगावात मेडिकलच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते, म्हणून एसटीनं तिथं जायला लागले. वेबसाइट शिकायला आलेल्या प्रत्येकाला वाटायचं, पहिल्याच दिवशी आपलं नाव जगभर दिसेल. सर मात्र आधी ज्याच्या त्याच्या मशीनवर सर्व्हर आणि डेटाबेस बसवायला लावत. "जगाले दाखवाची वस्तू आधी आपल्याच कम्प्युटरवर उभी कराची. तोडा, मोडा, कोणाले दिसत नाही. आधी घरात चालू दे, मंग गावात मिरव."

माझा सर्व्हर पहिल्या दिवशी सुरूच होईना. लाल अक्षरांत काहीतरी यायचं आणि बंद पडायचं. मी रडायच्या बेतात. सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचलं आणि म्हणाले, "एसटीत तुह्या सीटवर कोणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवला. दुसरा प्रोग्राम बसून हाय तिथं. भांडत कायले बसतं? तू मागच्या सीटवर बस." त्यांनी एका फाइलमधला, सर्व्हरनं कुठे बसायचं तो नंबर बदलून दिला आणि माझं पहिलं पान पडद्यावर आलं. मला इतका आनंद झाला, की त्या पानाचा पत्ता मी तिथूनच कळंबच्या मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला. मावशीचा फोन आला, "मले तं काहीच दिसून नाही राह्यलं वं पोरी!" सर डोळे पुसेपर्यंत हसले. "अवं, त्या पत्त्याचा अर्थ 'माह्या घरी' एवढाच हाय. मावशी बिचारी तिच्याच घरात शोधून राह्यली!"

अशा माणसावर जीव जडणारच. मी त्यांना बापाच्या जागी मानलं, हे आज लिहिताना राग येतो, पण मानलं होतं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत आमच्याकडे मळणीचं थ्रेशर मिळवणं म्हणजे दिव्य. बाबा सकाळपासून फोन लावत बसायचे, मशीन कोणत्या गावात आहे ते कोणी धड सांगायचं नाही. मी त्यासाठीच साइट बनवली, पण ती चालू होईपर्यंत बाबांना सांगायचं नाही असं ठरवलं. मालकानं आपलं मशीन आज कुठे आहे, कधी मोकळं होईल ते टाकायचं, शेतकऱ्यानं पाहायचं. सरांनी एकेक पान तपासलं, चुका काढल्या. चाचणीसाठी मी आमच्या कुत्र्याच्या नावानं नोंद केली होती, 'मालक: मोत्या पाटील, मुक्काम: आमचं अंगण.' ती वाचून ते मान हलवत हसले. संगणकाचा भरवसा नाही म्हणून त्यांनी सगळं काम स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं. केवढी काळजी करतात, असं मला वाटलं.

"सर, आता टाकू का नेटवर?"

"थांब. कच्चं हाय अजून. शिजू दे."

दर खेपेला हेच. मीही थांबत गेले.

यवतमाळच्या कृषी प्रदर्शनात मी बाबांसोबत गेले होते. बाबा फवारणीचे पंप पाहण्यात गुंतले आणि मी पुढे गेले. एका स्टॉलवर गर्दी होती. इस्त्रीच्या शर्टात गावंडे सर आणि मागे मोठ्या पडद्यावर माझी साइट. रंग माझे, बटणं माझी, खाली 'संकल्पना व निर्मिती' म्हणून नाव त्यांचं. कोणा साहेबांना दाखवताना त्यांनी पान खाली सरकवलं आणि मोत्या पाटील सगळ्यांसमोर आला. साहेबांनी विचारलं, "हे कोण शेतकरी?" सर म्हणाले, "आहेत एक, राळेगावकडचे."

मग त्यांना मी दिसले. ते बाजूला आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुह्या घरात पडून राह्यलं असतं ते, बेटा. मी लोकायपर्यंत नेलं."

"तुमीच म्हणत होते ना सर, कच्चं हाय म्हणून?"

"कच्चंच होतं," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता. तेवढ्यात कोणी हाक मारली आणि ते गेले.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या मांडवात कळलं. काम चोरलं याचं दुःख होतंच. पण त्याहून 'थांब' या शब्दाचं जास्त होतं. तो शब्द मी गुरूचा म्हणून पाळत होते आणि सर त्याच वेळी माझं काम स्वतःच्या नावानं वर चढवत होते. आज मी याच धंद्यात आहे. नवं मशीन घेतलं की आधी नेट बंद करूनच सगळं बसवते. त्यांचं शिकवणं खरं होतं, हेच मला सहन होत नाही.

प्रदर्शनानंतरच्या हंगामात आमचं सोयाबीन कापून पडलं होतं आणि आभाळ भरून आलं. बाबांनी मोबाईलवर ती साइट उघडली, शेजारच्या गावात थ्रेशर सापडलं आणि पाण्याच्या आधी माल घरात आला. बाबांचा चेहरा फुलला होता. "लय मोठं काम केलं वं तुह्या सरनं. लाव फोन, माह्याकडून सांग त्यायले." ते समोरच उभे होते. मी फोन लावला.

"सर, तुमच्या साइटमुळे सोयाबीन घरी आलं. बाबांनी सांगायला लावलं."

सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "बाबाले माहीत नाही का?"

"नाही."

"मंग नको सांगू वं, बेटा. लय मानते ते मले."

मी अजून सांगितलेलं नाही. दर दिवाळीला बाबा सरांच्या घरी फराळाचा डबा पाठवतात आणि तो मीच भरते.