टेपचं दुसरं टोक

लिंबू-मिरची टांगलेली दिसली की मिरची किती तिखट असेल एवढाच विचार करणारी बाई मी. हॉस्टेलवर मुली भुताच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी पांघरूण ओढून खुशाल घोरायचे. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला देवभोळी म्हणू नये... अजून तरी नाही.

गोष्ट २०१४ ची. मी पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होते आणि जुन्या इमारतींच्या अभ्यासासाठी सिंगापूरला आत्याकडे, वुडलँड्सच्या फ्लॅटवर उतरले होते. माझे बाबा मरीन इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी जहाज सिंगापूर बंदराला लागलेलं असताना हार्ट अटॅकने गेले. त्याच दुपारी त्यांचा मला फोन आला होता. कॉलेजात ज्युरी, म्हणजे डिझाइनची तोंडी परीक्षा, चालू होती, फोन सायलेंटवर होता. एक मिस्ड कॉल. त्यांना काय सांगायचं होतं, हा प्रश्न तेव्हापासून मला खात होता.

फर्स्ट इयरपासून घरातली मापं घेताना टेपचं शून्याचं टोक बाबाच धरायचे. इंजिन रूमच्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नसतो, त्यामुळे त्यांची सगळी भाषा हाताची. त्यांनी टेपला दोन झटके दिले की ‘टोक लागलंय, वाच’. मी तीन दिले की ‘झालं, सोड’. माझे तीन आल्याशिवाय ते टोक सोडायचे नाहीत. एकदा मी मध्येच मैत्रिणीशी फोनवर बोलत बसले, तर हा माणूस अर्धा तास गच्चीत टेप धरून उभा!

तर त्या शनिवारी आत्या आणि मी सकाळीच सिटी हॉल स्टेशनला उतरलो. दोन म्युझियम झाली, एक चर्च झालं. आत्याचे पाय बोलायला लागले. दुपारी तीनच्या सुमाराला एका जुन्या शाळेच्या इमारतीतल्या म्युझियमपाशी आलो. बाहेर लांबलचक व्हरांडा, पांढऱ्या खांबांची रांग. गार्ड अंकलना मापं घेऊ का विचारलं, तर हसून म्हणाले, “मेजर कॅन, टच कॅनॉट, ओके गर्ल?”

टेपचं टोक आत्याच्या हातात दिलं, “पलीकडच्या शेवटच्या खांबाला टेकवून धर” म्हटलं आणि मी दुसऱ्या टोकाकडे निघाले. तो खांब इतका जाड की त्याच्या आडचं माणूस दिसत नव्हतं. टोक एकाच जागी ठेवून एकेका खांबाशी थांबायचं आणि आकडा लिहायचा, अशी आमची पद्धत. पहिल्या खांबाशी थांबले. टेप ताणली गेली, दोन झटके आले. लिहिलं. दुसरा खांब, दोन झटके. तिसरा, चौथा... मी भराभर लिहीत होते. हाताला सवयच होती ना.

सहाव्या खांबाचा आकडा लिहिला आणि पेन्सिल थांबली. आत्याला ही भाषा कुणी शिकवली?

तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून आत्या येताना दिसली. दोन्ही हातांत कोपीच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या, पिशव्या.

“अगं, तिथे खिळा होता, त्याला टेपची कडी अडकवली आणि कॉफी आणायला गेले. तुला हाक मारली की मी! ऐकलं नाहीस?”

टेप माझ्या हातात ताणलेलीच होती. आत्याच्या देखत पुन्हा दोन झटके आले... सावकाश, बाबा द्यायचे तसे.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? टेप तिथेच टाकली आणि धावत त्या खांबामागे गेले. कुणी नव्हतं. खिळा होता, पण कडी जमिनीवर पडलेली, खांबापासून वीतभर लांब. गार्ड अंकल म्हणाले, तिकडे कुणीच गेलं नाही.

आत्या पायरीवर बसली. कोपी तशीच हातात. मग म्हणाली, “तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. दादा गेला त्या दिवशी तो आणि मी इथे आलो होतो. या खांबापाशी उभं राहूनच त्याने तुला फोन लावला. म्हणत होता, पोरीला मापं घ्यायला इथे आणू. टोक मी धरतो.”

मी तिथेच फतकल मारून रडले.

वारा असेल, खिळा सैल असेल, माझ्या मनाचे खेळ असतील, सगळं मान्य. पण टोक सुटलेलं असतं तर मापं चुकली असती. पुण्याला येऊन ड्रॉइंग काढलं, सहाही खांब जिथल्या तिथे बसले.

नंतर दोनदा सिंगापूरला जाऊन आले. दोन्ही वेळा सिटी हॉलला उतरायचं टाळलं. कारण त्या दिवशी मी टेप टाकून पळाले... तीन झटके दिलेच नाहीत. आणि माझे तीन आल्याशिवाय बाबा टोक सोडत नाहीत.