मुक्ताबाईंचा हात

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होऊन मला सात वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली, त्यामुळे माणसांकडून वेळेवर काम करून घ्यायची मला सवय आहे. काहींच्या मते खोड आहे, असू दे. तर ट्रॅक्टरवाल्या रंगरावांनी पहिल्याच भेटीत मला तोंडावर सांगितलं, "खालचा अर्धा उतार करून देतो. वरचा न्हाई."

"का? वरच्या मातीनं काय घोडं मारलंय?"

"उभा चढ हाय तिथं. वर उभं राहणारं माणूस लागतं. ते सध्या न्हाई."

कोथरूडला टेकडी पोखरून ज्या इमारती बांधल्या, त्यातलीच आमची एक. दर पावसाळ्यात मागचा उतार थोडा थोडा पार्किंगमध्ये येऊन बसतो. यंदा ठरवलं, उताराला पायऱ्या पाडून घ्यायच्या आणि त्यावर वाळ्याचं गवत लावायचं, म्हणजे माती धरून राहील. दोन इमारतींमधल्या बोळातून जेसीबी आत येईना, म्हणून छोटा ट्रॅक्टर शोधला आणि ट्रॅक्टरबरोबर रंगराव आले.

वय छप्पन्न. गाव त्यांचं कधीच शहरात आलं. शेतं गेली, द्राक्षाच्या बागेसाठी घेतलेला हा लहानगा ट्रॅक्टर राहिला. मग बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागा, भर घालणं, उतार बांधणं अशी कामं ते करू लागले. चढावरच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. पाचव्यानं सांगितलं की हल्ली ते चढ घेत नाहीत. माणसं महत्त्वाची गोष्ट नेहमी शेवटी सांगतात.

त्यांचं काम बघायला मी खुर्ची टाकून बसायचे. ट्रॅक्टर चढावर न्यायचा तो उलटा, रिव्हर्समध्ये. आमचे अध्यक्ष बद्रीनाथ पहिल्या दिवशी हसले. रंगराव शांतपणे म्हणाले, "साहेब, तोंडानं चढवला तर तोंड उचलतो आणि मागं उलथतो. जड बाजू कायम चढाकडं." मातीची पेटी मागे, म्हणून मागची बाजू वर. उतारावर वळायचं नाही, आडवं जायचं नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळायला बरे म्हणून. ते दोन्ही एका कडीनं जोडून घ्यायचे, आणि ती कडी रोज सकाळी हातानं ओढून बघायची. इतका शिस्तीचा माणूस! माझ्या ऑफिसात असा एक जरी असता तर माझे केस वेळेआधी पिकले नसते.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. गिअर टाकायच्या आधी ते दर वेळी मान वळवून पार वरच्या कडेकडे बघायचे आणि क्षणभर थांबायचे. तिथे कोणी नसायचं.

"वर काय आहे हो?" एकदा मी विचारलंच.

"काय न्हाई."

"मग बघता काय रोज रोज?"

"सवय," म्हणाले, आणि मडगार्डला बांधलेली एक विटकी नारिंगी चिंधी उगाच घट्ट केली.

खालचा उतार झाला. मे संपत आला होता, वरचा तसाच. मी म्हटलं, वॉचमन उभा करू, माळी उभा करू, मी स्वतः उभी राहते! ते मान हलवत राहिले. "पेटी भरली की मागची कड मला दिसत न्हाई, बाई. वरचं माणूस हात करतं तेव्हा थांबायचं. वॉचमन हात करंल हो, पण माझा पाय त्याच्या हातावर थांबणार न्हाई. अकरा वर्षं एकाच हातावर थांबलाय."

तो हात त्यांच्या बायकोचा, मुक्ताबाईंचा. अकरा वर्षं ह्यांचा ट्रॅक्टर चढायचा आणि त्या वरच्या कडेवर बाजूला उभ्या राहायच्या. धुळीत दिसावा म्हणून मनगटाला जुन्या साडीची नारिंगी चिंधी. पंजा हलवला की ये, उघडा धरला की थांब. बोलणं नाही, ओरडणं नाही. दुपारी दोघं ट्रॅक्टरच्या सावलीत भाकरी खायची. आता मुक्ताबाई दीड वर्ष लोणी काळभोरला बहिणीकडे होत्या, आणि रंगराव स्वतः थापलेली जाड, करपलेली भाकरी एकटेच खात होते.

"भांडलात?" माझं विचारणं हे असंच असतं.

त्यांनी डबा बंद केला आणि सांगितलं. भावकीतल्या एकाच्या घरामागं असाच चढ होता. चुलतभाऊ, त्यांची पोरं, सगळी बांधावर बसून बघत होती आणि चिडवत होती. "रंगा, बायको म्हणंल तवा चालायचं, बायको म्हणंल तवा थांबायचं. मालक कोण रे तुमच्यात?" इतर कोणी असतं तर चाललं असतं. पण भावकी ती. मुक्ताबाईंनी हात वर केला आणि हे थांबले नाहीत. एक हात अंतर, फार नाही. नव्या भरावाची कड ढासळली आणि ट्रॅक्टर खाली सरकायला लागला. मुक्ताबाईंनी बाजूनं धावत येऊन चाकाखाली दगड सारला. ट्रॅक्टर थांबला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ह्यांना ओरखडासुद्धा नाही.

"दवाखान्यात तिनं एवढंच विचारलं, हात दिसला न्हाई का तुम्हाला? सगळी भावकी उभी होती. मी म्हटलं, न्हाई दिसला."

"आणि दिसला होता?"

"दिसला होता, बाई. तिला ठावं हाय दिसला होता. नजरानजर झालेली आमची." त्यांनी बंद डबा पुन्हा दाबून लावला. "बोटांचं तिनं कधी काढलं न्हाई. पण त्यानंतर माझ्याशी बोललीच न्हाई. मला करमत न्हाई हो. घरात करमत न्हाई, कामावर करमत न्हाई. चढावर बसलो की मान आपोआप वर जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "अहो, मग हे मला काय सांगताय? मी काय करू त्याचं? दीड वर्ष जिला सांगायचं तिला सोडून जगाला सांगत सुटलात? फोन आहे ना खिशात?"

ते उठले. मला वाटलं, चिडून निघाले. पण ते चालत चढ चढून पार वरच्या कडेवर गेले, जिथे मुक्ताबाई उभ्या राहिल्या असत्या तिथे, आणि तिथून फोन लावला. इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय असलेला माणूस. सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं.

"मुक्ता, ठेवू नको. हात दिसला होता मला. दिसला होता. भावकी बघत होती म्हणून थांबलो न्हाई. आणि खोटं बोललो."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की आत गेल्या. रंगराव फोन खिशात टाकून खाली आले.

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. ठेवला."

चार दिवस काहीच झालं नाही, रंगराव खालच्या पायऱ्यांवर वाळा लावत राहिले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, साडेनऊच्या सुमारास फाटकाशी एक सडसडीत बाई आली. दोन बस बदलून आली होती, पत्ता कुठून काढला कोण जाणे, खांद्याला कापडी पिशवी. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "वर जायला वाट कुठनं हाय?"

मी वाट दाखवली. रंगरावांनी घाईघाईनं मडगार्डची चिंधी सोडून पुढे केली. मुक्ताबाईंनी ती घेतली, उजव्या मनगटाला गुंडाळली आणि एक टोक दातात धरून गाठ मारायला लागल्या. रंगराव मदतीला पुढे झाले. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टर निघाला. मातीची पेटी वर, रंगरावांची मान मागे वळलेली. वरून पंजा हलत होता. ये, ये. अर्ध्या चढावर, जिथे ना कड होती ना भराव, तिथे हात उघडा धरला गेला. रंगराव थांबले.

हात खाली येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. इंजिन धडधडतंय, माळी खोरं टेकून बघतोय, वॉचमन तोंड उघडून उभा. बद्रीनाथ पार्किंगमधून ओरडले, "अहो, काय चाललंय काय? डिझेल जळतंय नुसतं!"

"गप्प बसा," मी म्हणाले. सोसायटीच्या अध्यक्षांना मी असं पहिल्यांदाच बोलले. ते बसलेही.

रंगरावांनी कारण विचारलं नाही. ब्रेकवर पाय, नजर त्या तीन बोटांच्या पंजावर. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलासुद्धा त्यांनी हात उचलला नाही. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग वरचा पंजा हलला. ये.

संध्याकाळी मुक्ताबाई खाली उतरल्या, नळावर हात धुतले. रंगराव जवळ गेले. घरी चल, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण त्याआधी मुक्ताबाईंनीच विचारलं, "किती दिवसांचं काम ऱ्हायलंय?"

आठ दिवस म्हणा, मी मनात म्हटलं. अहो, पंधरा म्हणा! मी एका शब्दानं विचारणार नाही.

"दोनच," रंगराव म्हणाले.

मुक्ताबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "येते उद्या," म्हणाल्या, आणि लोणीची बस गाठायला निघाल्या.

शनिवारी आल्या, रविवारी आल्या. दुपारी भाकरी त्यांनीच आणली, ट्रॅक्टरच्या सावलीत दोघं जेवली, फारसं बोलली नाहीत. रविवारी सहाला वरची शेवटची पायरी पुरी झाली. मुक्ताबाईंनी पिशवी उचलली आणि गेल्या. रंगराव फाटकाशी उभे राहिले. बस कधीच गेली होती, तरी उभे होते.

मग माझ्याकडे आले. मला वाटलं, निरोप घ्यायला.

"चिंधी तिनं बरोबर नेली, बाई," ते म्हणाले. "परत बांधली न्हाई मडगार्डला." टोपी काढून पुन्हा घातली. "अजून कुणाकडं उभा चढ हाय का? चांगला उभा?"

त्या संध्याकाळी मी जुनी डायरी काढली आणि टेकडीला लागून असलेल्या एकेका सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावायला बसले.