त्या दिवशी खरखर नव्हती

सुरतजवळच्या भेस्तानमधला तो सोमवार माझ्या डोक्यातून जात नाही. मी सहा वर्षं फौजदार होतो. राजीनामा देऊन बाहेर पडलो तेव्हा केस पिकायला बराच वेळ होता. नोकरी का सोडली, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर या एका प्रकरणात आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची वस्ती. श्रावणातली त्यांची देवी, कानबाई, बसलेली. सोमवारी सकाळी विसर्जनाआधी बायका मांडवात गाणी म्हणत होत्या. अंगणात नुकताच सडा टाकलेला. कानबाईसमोर चपला घालत नाहीत, म्हणून सगळ्या अनवाणी. गाणं सांगणारी तिशीतली बाई माइक हातात धरून उभी होती. दुसऱ्या कडव्याला माइकमधून विजेचा धक्का बसून ती कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी पंचनाम्याला गेलो. मांडवात मंडळाचा जुना अॅम्प्लिफायर होता, पत्र्याचा, गंजलेला. मंडळाचा अध्यक्ष पुढे आला. तो शंभरेक पावलांवरच्या लूम शेडचा मालक. तोही खानदेशातलाच, पण वस्ती त्याला शेठ म्हणते.

"साहेब, कितीदा म्हटलं, हे डबडं बदला. पण मंडळाचं बजेट केवढं? आणि हे आप्पा त्याला हात लावू देत नाहीत."

आप्पा म्हणजे मशीन सांभाळणारा म्हातारा. आयुष्य शेठच्या शेडमध्ये गेलेलं, राहायची खोली शेठची, मुलगाही तिथेच कामाला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "माझीच चूक, साहेब. लिहून घ्या."

न विचारता कबुली देणारा माणूस दिसला की पोलिसाने लेखणी खाली ठेवावी. मी ठेवली नाही. जबाब लिहिला, सही घेतली, मशीन मुद्देमालात जमा केलं. माझी पहिली चूक तीच.

तिसऱ्या दिवशी मृत बाईची नणंद ठाण्यात आली. अंमलदाराने तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. मी दिसताच उठली.

"साहेब, हाई ते मशीन नही."

"म्हणजे?"

तिने मोबाईल पुढे केला. वहिनी गात असतानाचा व्हिडिओ होता. आवाज स्वच्छ.

"आयका ना. खरखर कुठे? जुनं मशीन लावलं की गाण्यापेक्षा तेच जास्त ओरडतं. आम्ही म्हणायचो, हे मशीन पण लूमवर काम करून आलंय! वहिनी त्या दिवशी किती खूश होती. म्हणे, यंदा कानबाईला माझा आवाज कळेल."

मुद्देमालातलं मशीन काढून पंचांसमोर लावलं. अशी घरघर सुटली की लेखनिकाने कानांवर हात ठेवले. पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. ते म्हातारं मशीन ओरडत होतं, पण कुणाला मारत नव्हतं.

शेठला बोलावलं.

"दुसरं मशीन कुठंय?"

"कसलं दुसरं? साहेब, आपण एकाच मुलखातले..."

"मुलूख नंतर. आधी व्हिडिओ बघा."

त्याने बघितला आणि पाणी मागितलं. शेडच्या गोदामात, सुताच्या पोत्यांखाली दुसरा अॅम्प्लिफायर सापडला. भंगारवाल्याकडून स्वस्तात घेतलेला. आतून बिघडलेला. आणि त्याच्या प्लगमधली अर्थिंगची वायर कापलेली.

मग आप्पाला पुन्हा समोर बसवलं. चहा दिला. प्यायला नाही.

"वायर कुणी काढली?"

"मी."

"मशीन कुणी बदललं?"

त्याने कप दूर सरकवला. मी म्हटलं, "खोलीची काळजी आहे? का पोराच्या कामाची?"

"दोन्हीची," तो म्हणाला. मग एकदम बोलायला लागला. "बाई पडल्यावर शेठनंच मशीन बदललं. त्यानं आणलेलं ते मशीन लावलं की फ्यूज उडायचा, साहेब. बायका खोळंबल्या होत्या. शेडमध्ये लूमचा फ्यूज उडाला की शेठ काय म्हणतो? लीली वायर काढ, माल थांबला नाही पाहिजे. लीली म्हणजे गुजरातीत हिरवी, अर्थिंगची. वर्षानुवर्षं काढतोय. कुणी मेलं नाही."

"का मेलं नाही?"

"आम्ही लाकडी फळीवर उभे असतो ना." त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "ती जमिनीवर होती. ओल्या. अनवाणी. हे माझ्या ध्यानातच आलं नाही, साहेब."

आप्पा निर्दोष नव्हता. पण बिघाड झाला की फ्यूज उडवून जीव वाचवणारी वायर कापायची सवय त्याला कुणी लावली? मी अहवालात शेडचं सगळं लिहिलं. वरिष्ठांनी ते पान बाजूला काढलं.

"मांडवात बाई मेली. लूमचा काय संबंध?"

"सवयीचा संबंध आहे, सर."

"सवयीला कलम नसतं. तू फौजदार आहेस, पुढारी नाहीस."

निष्काळजीपणाचा गुन्हा आप्पावर लागला. शेठवर पुरावा लपवल्याचा; त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला. आप्पासाठी जामीनदार शोधत त्याचा पोरगा आठवडाभर फिरला. शेडवर एक ओळही नाही. काही महिन्यांनी मी राजीनामा टाकला.

मी एवढंच शिकलो की गुन्हा कुठे घडला हे पंचनाम्यात येतं, तो कुठे शिकवला गेला हे येत नाही. स्वस्त मशीन घेणं हा गरिबाचा गुन्हा नाही. फ्यूज उडाला तर मशीन बंद ठेवा, एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. पण ते सांगितलं तर लूमही थांबवावा लागतो, म्हणून कुणी सांगत नाही.

आता मी शेडाशेडांत हेच सांगणारी पत्रकं वाटतो. परवा त्याच शेडमध्ये गेलो. आप्पाच्या जागी त्याचा मुलगा उभा होता. मोटरीपाशी वाकून पाहिलं. हिरवी वायर कापलेलीच होती.

त्याच्या पायाखालची फळी मात्र नवी होती.