पितळेचा जोड

राखेने भांडी घासून आईची बोटं फुटत, म्हणून आखातातून परतलेल्या मामांनी तिला चाकांवरचं भांडी धुण्याचं यंत्र दिलं. पण त्याची नळी आमच्या नळाला बसेना. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी वाचून दाखवली. उपाय त्यात नव्हता. वर्षभर यंत्रावर लोणच्याच्या बरण्या राहिल्या.

शेवटी शेजारच्या, पितळेची भांडी घडवणाऱ्या काकांनी चाकं काढून ते ओट्याखाली बसवलं. नळीच्या आट्यांवरून नख फिरवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पितळेचा जोड ओतून आणला.

"गळणार तं नाही ना, भाऊजी?" आईने विचारलं.

"माह्या हातचा पाण्याचा गुंड कधी गळला का, वहिनी?"

नळ सोडला. मी जोडाखाली तळहात धरून बसले. यंत्र घरघरून थांबलं, तरी हात कोरडाच. मी तो आईपुढे धरला.