म्हाळाबाईचा हंडा

विषय : जत तालुक्यातील एका गावाने लोकसहभागाच्या कलाप्रकल्पास दिलेली भांडी परत मिळणेबाबत.
संदर्भ : पुष्कळ आहेत.

सांगलीच्या कचेरीतून लिपिक म्हणून निवृत्त झालो आणि या प्रकल्पाने मला 'स्थानिक समन्वयक' केलं. किस्से फायलींसारखेच. एक ओढली की वरच्या चार अंगावर येतात.

*

पहिल्या बैठकीत शिल्पकार निनादसर म्हणाले, "आम्ही तुमच्याकडून शिकायला आलोय!"

"शिका की," म्हाळाबाई म्हणाली. "टँकरचा पाइप धराय माणूस कमीच हाय."

*

साताऱ्याच्या नृत्यशिक्षिकेने बायकांना गोल उभं केलं. "डोक्यावर भरलेली घागर आहे, अशी कल्पना करून चाला!"

कोणी हललं नाही. एकजण म्हणाली, "आवं बाई, पानी हाय असं समजूनच तर हितं नांदाय आलो!"

*

या गावात टँकरच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, भांडी राहतात. जिचं भांडं, तिचा नंबर. निनादसर ती रांग बघून गहिवरले. "हेच शिल्प!" महिनाभराच्या प्रदर्शनासाठी अख्खी रांग टेम्पोत चढली.

म्हाळाबाई तांब्याचा हंडा देईना. लेकीच्या लग्नात दिलेला, तिचं नाव कोरलेला. लेक वारली, तेव्हा सासरहून तेवढाच परत आला.

"आजी, माझा शब्द!" सर म्हणाले.

तिने दिला. शब्दाची पोच घ्यायची गावात पद्धत नाही.

*

बाकीच्यांनी प्लास्टिकच्या घागरी आणल्या. म्हाळाबाईने नंबरावर दगड ठेवला. "ती जागा लेकीच्या हंड्याची हाय. दुसरं भांडं न्हाई ठेवायची." पाणी शेजारीण द्यायची.

महिना उलटून बरेच महिने झाले. तिचा अर्ज लिहून मी प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेला फोन लावला. उत्तर आलं, "हंडा आता कलाकृतीचा भाग आहे. एक काढला तर रांग तुटते."

मी तसं सांगितलं. म्हाळाबाई म्हणाली, "आन् हितली तुटली ती?"

*

उन्हाळ्यात निनादसर पुन्हा आले. म्हाळाबाई मेंढरांमागे रानात होती. रांगेतला दगड कशाचा, ते मी सांगितलं. सर त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. डोळे भरून आले त्यांचे!

मी चहा सांगायला गेलो. परतलो तर गाडी गेलेली. दगडही.

संध्याकाळी म्हाळाबाई रांगेपाशी येऊन उभी राहिली. स्वतःच, नंबरावर.

हंड्याचा अर्ज प्रलंबित आहे. दगडासाठी स्वतंत्र अर्ज करावा, असं संस्थेने कळवलं आहे.