भाऊंसाठी चव सांगताना

गरिबाच्या खिशाला परवडेल, अंगी लागेल आणि जमिनीचं पाणीही फार पिणार नाही असं जेवण शोधायची नोकरी मी नागपुरातल्या एका कॉलेजात करतो. शोधून दमलो की फाटकाबाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खातो. बायको म्हणते, "तुमचं डोकं लोकांसाठी आणि पोट ठेलेवाल्यासाठी."

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख होते भाऊ. शेतकऱ्याच्या घरचे, माझ्याहून वडील, साऱ्या विभागाचेच भाऊ. त्यांचं म्हणणं साधं होतं. गहू-तांदूळ कुठून कुठून ट्रकने येतो, त्यापेक्षा इथलीच ज्वारी, तूर, अंबाडी, जवस ताटात परत आणा. पण लोकांनी ते मिटक्या मारत खाल्लं पाहिजे, औषध म्हणून नाही. म्हणून दर आठवड्याला आमच्याकडे चाखणाऱ्यांची बैठक बसायची. कॉलेजातलेच दहा-बाराजण वेगवेगळ्या बाकांवर बसत. पुढ्यात वाटी आणि कागदावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहरे. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, खायचं आणि चेहऱ्यावर खूण करायची. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी बसता येत नसे. हा नियम भाऊंचाच.

भाऊंना घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक घेऊन झाले आणि ते मफलर गुंडाळून पुन्हा कामावर आले. "घरी बसून काय करू गा, भिंती मोजू?" म्हणाले आणि बैठकीत आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसले.

त्या दिवशी ज्वारीच्या कण्यांची खिचडी होती, तुरीची डाळ आणि अंबाडीचा पाला घातलेली. रांधायची जबाबदारी माझी. आता मी रांधताना गप्प बसलो असतो तर ही हकीकत घडलीच नसती. मी प्रयोगशाळेतल्या मुलींना माझ्या लग्नातल्या फजितीचा किस्सा सांगत होतो. किस्सा ऐन रंगात असताना मीठ घातलं आणि किस्सा संपल्यावर, कर्तव्यदक्ष माणूस असल्यामुळे, पुन्हा घातलं.

वाट्या फिरल्या. पहिला घास घेताच ऑफिसातला क्लार्क बेसिनकडे पळाला. लायब्ररीतल्या मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की ते चेहऱ्यांच्या कागदावर छापायला हवं होतं. फक्त भाऊ सावकाश खात होते. प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घेत त्यांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली, सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली आणि मला म्हणाले, "जमलं गा आज. मीठ-गीठ बरोबर."

मला वाटलं, टोमणा आहे. मी मोठ्याने हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी आजूबाजूच्या भरलेल्या वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं हसू तोंडातच राहिलं.

व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खारट होती?"

"हो भाऊ. लई."

"मले काहीच नाही लागत. शेक झाल्यापासून. माती खाल्ली काय अन् पुरण खाल्लं काय, सारखंच."

"मग सांगितलं काहून नाही? वहिनींना तरी?"

"तिले तं मुळीच नाही सांगायचं." भाऊ मफलर सारखा करत राहिले. "ते रोज काही ना काही करते माझ्यासाठी. ताट ठेवते अन् विचारते, कसं झालं? मी सांगतो. तेवढंच बोलणं उरलं गा आमचं. दुसरं काही बोलाले गेलो का तिचे डोळे भरतात. आता हेबी बंद करू?"

मी आत गेलो, गठ्ठ्यातून भाऊंचा कागद काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

पुढे भाऊंचं कॉलेज सुटलं आणि मी दुपारी नंदनवनला त्यांच्या घरी जेवायला जाऊ लागलो. काम ठरलेलं होतं. पहिला घास मी घ्यायचा आणि पुटपुटायचं, "वा, जवसाची चटणी खरपूस." मग वहिनी आल्या की भाऊ तेच आपल्या शब्दांत सांगायचे. त्यातही मी घोळ घातलाच. एकदा बोलायचा विसरून निम्मं ताट संपवलं, तेव्हा भाऊंनी टेबलाखालून लाथ मारली. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या घरी जेवायला देत नाही का हो कोणी?" आणि पोळी वाढायच्या.

हळूहळू भाऊंच्या ताटातली भाकर गेली, मग भात गेला. शेवटी वाटीभर पातळ पेज राहिली, तीही निम्मी उरायची. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

मी शेवटचा गेलो तेव्हा भाऊ पलंगावर उशीला टेकून होते. वहिनींनी डाळ-कण्या घालून अंबाडीची भाजी केली होती, माझ्यासाठी. ती भाकरीशेजारी वाढून वर तेलाची धार सोडली आणि त्या आत गेल्या.

"सांग," भाऊ म्हणाले.

"आंबट आहे."

"आंबट तं मलेबी माहीत आहे. कशी आंबट?"

मला सांगता येईना. मी आयुष्यभर अहवालांत 'स्वीकारार्हता चांगली' असं लिहीत आलो होतो. म्हटलं, "जिभेच्या कडेला लागते. मग डाळ येते अन् ते जरा निवते."

"कण्या?"

"मऊ. एखादी दाताखाली येते."

"लसूण?"

"आहे. तेलात. लाल झालेला."

"सावकाश खा गा. पळून नाही राहिली ते."

मी सावकाश खाल्लं. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गिळलं की त्यांचाही गळा हलायचा आणि त्यांना दुखायचं, ते दिसायचं. मी थांबलो की बोटाने खूण करायचे, चालू दे.

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. पेजेची वाटी तशीच होती. ती त्यांनी पाहिली. मग भाजी मी खात असताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी भाऊंना विचारलं, "कशी झाली हो?"

"कडेनं आंबट लागते वं," भाऊ म्हणाले. "मग डाळ येते. निवते जरा."

"लसूण करपला का?"

"नाही. लाल आहे. बरोबर आहे."

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी कोथिंबीर किती महाग झाली ते भाऊंना सांगायला सुरुवात केली. भाऊ हं हं म्हणत ऐकत होते. माझं पोट केव्हाच भरलं होतं. मी ताटातली भाजी तशीच थोडी थोडी खात राहिलो, त्यांचं बोलणं मध्येच थांबू नये म्हणून.